प्रॉडक्ट डिझायनरला मानसशास्त्र कशाला लागतं? शेगडी, कुकर आणि एसीच्या रिमोटमधून एक उत्तर

प्रश्न: मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे प्रॉडक्ट डिझाइन शिकायची इच्छा आहे. पण बहुतेक अभ्यासक्रमांत मानसशास्त्राचा विषय दिसतो. जाहिरात करणाऱ्यांना ते लागत असेल. शेगडी किंवा मिक्सर बनवणाऱ्याला त्याचा खरंच काय उपयोग होतो?

उत्तर: खूप उपयोग होतो, आणि तो जाहिरातीचा विचार सुरू होण्याच्या कितीतरी आधी होतो. मी घरगुती उपकरणांच्या डिझाइनमध्ये बरीच वर्षं काम करतोय, त्यातला मोठा भाग स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा. वस्तू चालते की नाही हे मोटर, पत्रा आणि प्लास्टिक ठरवतं. माणसाला ती नीट चालवता येते की नाही हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. एका वेळी त्याचं लक्ष किती ठिकाणी राहू शकतं, काम उरकलं की डोक्यातून काय निसटतं, न बघता हाताला काय ओळखू येतं, आणि यंत्राच्या आत काय चाललंय याबद्दल तो मनाशी कोणती समजूत करून घेतो. आमच्या कामातलं मानसशास्त्र बहुतांशी एवढंच असतं. त्यात गूढ काही नाही, पण अंदाजाने ते जमतही नाही.

या विषयाची सुरुवात इंजिनिअर मंडळींच्या अडचणीतूनच झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांचे वैमानिक धावपट्टीवर सुखरूप उतरायचे आणि मग चाकंच आत ओढून घ्यायचे. विमान पोटावर आपटायचं. त्यांना आत घ्यायचे असायचे पंखांचे फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या. पण फ्लॅपचा आणि चाकांचा असे दोन्ही खटके शेजारीशेजारी होते, दिसायला आणि हाताला अगदी सारखे. अहवालात 'वैमानिकाची चूक' अशी नोंद व्हायची. १९४३ मध्ये आल्फॉन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने लक्षात आणून दिलं की दुसऱ्या काही विमानांवर ही चूक होतच नाही, कारण तिथे या दोन कळांची जागा आणि रचना वेगळी आहे. त्याने सुचवलेला उपाय स्वस्त होता: चाकांच्या कळीला रबरी चाकासारखी मूठ आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखी. अंधारात हात लागला तरी कळावं. आजच्या प्रवासी विमानांतही चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची असते, आणि ती तशी असावी हा नियम आहे. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० 'चुका' तपासल्या. त्यांत सर्वांत मोठा गट एका कळीऐवजी दुसरी कळ दाबली जाण्याचा होता.

हे वैमानिक कसलेले होते, चूक झाली तर जीव त्यांचाच जाणार होता, आणि तरी हात चुकत होता. मग एका बाजूला दूध तापतंय, दाराची बेल वाजतेय, मुलाचा डबा भरायचाय, अशा वेळी शेगडीसमोर उभ्या असलेल्या माणसाकडून आपण पूर्ण लक्षाची अपेक्षा कशी करणार? वस्तू वापरणाऱ्याचं लक्ष त्या वस्तूवर नसतं, ते त्याच्या कामावर असतं. घरातल्या कुठल्याही वस्तूचं डिझाइन मी याच एका गोष्टीपासून सुरू करतो.

शेगडीचंच बघू, कारण तोच चॅपॅनिस युद्धानंतर शेगडीकडे वळला. १९५९ मध्ये त्याने आणि लिंडनबॉम या सहकाऱ्याने चार बर्नर आणि समोर एका ओळीत चार बटणं अशा शेगडीच्या चार रचना तपासल्या. पहिल्या रचनेत मागचे बर्नर पुढच्या बर्नरच्या थेट मागे न ठेवता बाजूला सरकवलेले होते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे बर्नर ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने बटणं आली. उरलेल्या तीन रचनांत बर्नर चौकोनात होते, आणि कुठलं बटण कुठल्या बर्नरचं हे नुसतं ठरवून दिलेलं होतं. प्रत्येक रचनेवर १२०० वेळा चाचणी झाली. सरकवलेल्या रचनेत एकही चूक झाली नाही. बाकीच्या तिन्हींत अनुक्रमे ७६, ११६ आणि १२९ चुका झाल्या. लक्षात घ्या, त्या माणसांना दुसरं काहीच काम नव्हतं, ते फक्त शेगडीकडे बघत बसले होते.

आपल्याकडे दोन बर्नरच्या शेगडीवर हा प्रश्नच नव्हता. ज्या बर्नरसमोर जे बटण, ते त्याचं. कुणाला शिकवावं लागलं नाही. ओट्यात बसवायचे चार बर्नरचे हॉब आले आणि हा घोळ घरात शिरला. मग प्रत्येक बटणाशेजारी चार ठिपक्यांचं छोटं चित्र छापलं जातं, त्यातला एक ठिपका भरलेला. वाकून, नीट बघून ते वाचावं लागतं. तेलकट हातांनी पुसून पुसून ते वर्षभरात जातंही. हे उत्पादकांना कळत नाही असं नाही. बर्नर सरकवले तर हॉबची रुंदी वाढते, मोठी कढई आणि कुकर एकमेकांना आपटतात, आणि सगळे व्हॉल्व्ह समोरच्या एकाच सरळ पाइपवर बसवण्याची सोय उत्पादनात फार मोलाची असते. अशा ओढाताणीतून वाट काढणं हेच डिझायनरचं काम. मागचे बर्नर थोडेच सरकवले तरी फरक पडतो. बटणांची ओळ मोडून दोन पुढे, दोन मागे अशी मांडणी केली तर आणखी पडतो. ओळ अजिबात मोडता येत नसेल तर निदान डावीकडची दोन बटणं डावीकडच्या बर्नरची, उजवीकडची दोन उजवीकडची ठेवून मध्ये ठळक अंतर सोडावं. चौघांतून एक निवडण्यापेक्षा दोघांतून एक निवडताना चूक कमी होते.

त्याच बटणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ते आत दाबल्याशिवाय फिरत नाही. पदर किंवा मुलाचा हात लागून गॅस सुरू होऊ नये म्हणून अशी दुहेरी हालचाल ठेवली आहे. आणि बंद अवस्थेतून फिरवलं की आधी मोठी ज्योत येते, आणखी फिरवलं की बारीक. पंख्याच्या रेग्युलेटरच्या हे उलट आहे, तिथे जास्त फिरवलं की जास्त वारा. गॅस पेटवताना भरपूर मिळावा म्हणून हा क्रम आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे. पण दूध वर येताना गडबडीत माणूस बटण 'कमी करायला' मागे फिरवतो आणि गॅस बंद करून बसतो. ही चूक सुरक्षित बाजूची आहे, म्हणून चालते. माणसाचा हात कुठे चुकेल हे आधी ओळखून ती चूक सुरक्षित बाजूलाच पडेल अशी व्यवस्था करणं, हे आमच्या कामातलं मला सर्वांत आवडणारं कसब आहे.

दुधाचा विषय निघालाच आहे तर दुधाच्या कुकरकडे बघा. दुहेरी भिंतीचं ते भांडं, मधल्या पोकळीत पाणी आणि वर शिट्टी. पाण्याचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आतलं दूध खळखळून वर येत नाही. पाणी उकळलं की वाफेने शिट्टी वाजते आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत असलात तरी कळतं. दूध उतू जातं ते दुर्लक्षामुळे, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. हे भांडं ज्याने बनवलं त्याने दुर्लक्ष होणारच हे मान्य केलं. आधी नुकसान होऊ शकणार नाही अशी रचना केली, आणि मग कानाला हाक मारली. या दोन गोष्टींचा क्रमही महत्त्वाचा आहे. नुसती शिट्टी ठेवली असती आणि पाण्याची पोकळी नसती, तर शिट्टी ऐकून धावत येईपर्यंत दूध ओट्यावर असतं.

प्रेशर कुकरमध्ये तर हा विचार आणखी पुढे गेलेला दिसतो. हॉकिन्स १९५९ पासून भारतात कुकर बनवतं. त्यांच्या ओळखीच्या कुकरचं झाकण आतून बसतं. भांड्याचं तोंड किंचित लंबगोल असतं, झाकण तिरकं करून आत घालायचं आणि वर ओढून दांड्याला अडकवायचं. दाब तयार झाला की तोच दाब झाकणाला आतून तोंडावर घट्ट दाबून धरतो. कुकरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने जास्त असतो. झाकण पंधरा सेंटिमीटर व्यासाचं धरलं तरी त्यावरचा भार पावणेदोनशे किलोच्या आसपास जातो. उघडण्यासाठी झाकण आधी खाली, म्हणजे आत ढकलावं लागतं. एवढ्या भाराविरुद्ध ते कुणालाच जमणार नाही. घाईतल्या माणसाला इथे सूचना वाचायची नाही, काही आठवायचंही नाही. धोका आहे तोवर उघडण्याची हालचालच शक्य नाही. तुम्ही मेकॅनिकलचे आहात म्हणून सांगतो, ही रचना कागदावर स्वतः काढून बघा. जी वाफ भाजू शकते, तिलाच कुलूप बनवलेलं आहे.

बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरला हा फायदा आपोआप मिळत नाही. तिथे वेगळ्या वाटेने जावं लागतं. झाकणाच्या कडेला एक खाच ठेवतात. वाफेचा मार्ग तुंबून दाब प्रमाणाबाहेर वाढला की रबरी रिंग त्या खाचेतून बाहेर ढकलली जाते आणि वाफ तिथून खालच्या दिशेने निघून जाते. सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तो वेगळाच. यातल्या कुठल्याही गोष्टीसाठी वापरणाऱ्याला लक्ष द्यावं लागत नाही.

शिट्टीची गंमत निराळी आहे. वजनाची ती शिट्टी मुळात दाब ठराविक पातळीवर राखण्यासाठी आहे. कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत पूर्ण दाब आल्यानंतर किती मिनिटं ठेवायचं हे दिलेलं असतं. आपण मात्र मिनिटं मोजत नाही, शिट्ट्या मोजतो. 'तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर' हे सांगणं जगातल्या बाकीच्या बऱ्याच भागांत कुणाला कळणार नाही. शास्त्रीयदृष्ट्या शिट्टी हे वेळेचं कच्चं माप आहे. दोन शिट्ट्यांमधलं अंतर ज्योतीवर, पाण्यावर, भांड्याच्या आकारावर अवलंबून असतं. तरीही लोकांनी ते निवडलं, कारण घड्याळाला डोळे लागतात आणि शिट्टीला फक्त कान. कान त्या वेळी मोकळे असतात. दर घराने आपला कुकर, आपला गॅस आणि आपली तूरडाळ यांचा हिशेब बसवून आपापला आकडा ठरवला. हे मी कुकरच्या कुठल्याही तांत्रिक कागदात वाचलं नसतं, स्वयंपाकघरात उभं राहूनच कळलं. त्याचा कच्चा दुवाही तिथेच दिसतो: 'ही दुसरी की तिसरी?' हा प्रश्न प्रत्येक घरात ऐकू येतो. मोजणी लक्षात ठेवायचं ओझं अजून माणसाच्या डोक्यावर आहे. तुम्हाला प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर हा घ्या.

आता विसरण्याबद्दल. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन विचारा, लोक सर्वांत जास्त काय विसरतात. मूळ कागद. प्रती हातात आल्या की काम झालं, आणि काचेवर राहिलेला कागद डोक्यातून पुसला जातो. मुख्य हेतू पूर्ण झाल्यावर जी पायरी उरते ती सुटण्याची शक्यता फार मोठी असते, हे मानसशास्त्रात चांगलं अभ्यासलेलं आहे. एटीएमच्या बाबतीत हेच झालं. पैसे आधी आणि कार्ड नंतर असा क्रम असला की लोक पैसे घेऊन निघून जायचे आणि कार्ड यंत्रात राहायचं. क्रम उलटा केला, आधी कार्ड काढा आणि मगच पैसे, की विसरण्याला जागाच उरत नाही. यंत्रात एकही नवा भाग बसवावा लागत नाही, फक्त पायऱ्यांची अदलाबदल. आपल्याकडे काही काळ कार्ड आत सरकवून लगेच काढून घेण्याची यंत्रं होती, त्यामुळे प्रश्न दबून होता. चिपची कार्डं आली, कार्ड व्यवहार होईपर्यंत आत राहू लागलं, आणि या क्रमाचं महत्त्व पुन्हा वाढलं.

दुचाकीचा साइड स्टँडही याच जातीचा, फक्त उलट्या टोकाला. गाडी सुरू झाली की निघायचं डोक्यात असतं आणि स्टँड खालीच राहतो. वळणावर तो रस्त्याला टेकला की गाडी फेकली जाते. आधी डॅशबोर्डवर छोटा दिवा दिला जायचा. निघण्याच्या घाईत दिवा कोण बघणार? आता बऱ्याच स्कूटर आणि मोटारसायकलींत स्टँड खाली असेल तर इंजिन सुरूच होत नाही किंवा बंद पडतं. दिव्याने आठवण करून देणं आणि इंजिन अडवणं, या दोन उपायांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला माणसाच्या लक्षावर भार टाकतो, दुसरा तो भार उचलून घेतो.

मग प्रत्येक ठिकाणी अडवूनच टाकावं का? नाही. कारमधल्या सीट बेल्टचं उदाहरण बघा. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही आसनांसाठी बेल्ट न लावल्यास वाजणारी सूचना सक्तीची झाली. वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर गेला की अधूनमधून बीप आणि १२० च्या वर गेला की सलग बीप, हीही त्याच वेळी आली. मग बाजारात काय आलं? बेल्टच्या खाचेत अडकवायची रिकामी क्लिप, म्हणजे बेल्ट न लावताही आवाज बंद. ती इतकी विकली जाऊ लागली की मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना ती काढून टाकायचा आदेश दिला आणि १३,११८ नोंदी हटवल्या गेल्या. आवाज त्रासदायक असतो, पण ज्याला बेल्टची गरजच पटलेली नाही तो त्या त्रासावर उपाय शोधतो, धोक्यावर नाही. साइड स्टँडच्या बाबतीत सहसा कुणी सेन्सर निकामी करायला जात नाही, कारण स्टँड वर असावा ही चालवणाऱ्याचीच इच्छा असते, तो फक्त विसरलेला असतो. विसरणाऱ्याला यंत्राची मदत चालते. न पटलेल्याला यंत्राने डिवचलं तर तो यंत्रावर मात करतो. तुमच्यासमोर प्रश्न येईल तेव्हा हा माणूस विसरलाय की त्याला पटलेलं नाही, हे आधी ठरवा. दोन्हींना एकच औषध लागू पडत नाही.

तिसरा प्रकार असतो चुकीच्या समजुतीचा. उन्हातून आलेला माणूस एसी सोळावर नेतो, कारण त्यामुळे खोली लवकर गार होईल असं त्याला वाटतं. एसीचा आकडा त्याला पाण्याच्या नळासारखा वाटतो, जास्त उघडा, जास्त येईल. प्रत्यक्षात साध्या एसीचा कंप्रेसर एक तर चालू असतो किंवा बंद. चोवीसवर ठेवा की सोळावर, चोवीसपर्यंत पोचायला वेळ तेवढाच लागतो. सोळा दिल्यामुळे तो नंतरही चालत राहतो आणि तासाभराने माणूस पांघरूण शोधतो. (इन्व्हर्टर एसीत हे तंतोतंत खरं नाही. तिथे हवं असलेलं तापमान आणि खोलीचं तापमान यांतल्या फरकानुसार कंप्रेसर कमीजास्त जोर लावतो, त्यामुळे जुनी समजूत तिथे थोडी तरी खरी ठरते.) अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विलेट केम्प्टन या संशोधकाने घर गरम ठेवण्याच्या थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे तापमान ठरवण्याच्या बटणाबद्दल, लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या, १९८६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही लोकांच्या मनात हेच दोन सिद्धांत होते, एक नळाचा आणि एक आपोआप बंद-चालू होण्याचा.

समजूत बदलणं अवघड असतं. म्हणून कधी कधी सुरुवातीचा आकडा बदलणं जास्त उपयोगी पडतं. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या नियमामुळे १ जानेवारी २०२० पासून भारतात स्टार लेबलचे खोलीचे एसी सुरू होताना २४ अंशांवर येतात. हवं तर कमी करा, कुणी अडवत नाही. पण मुद्दाम बदलायचा कंटाळा करणारी माणसं पुष्कळ असतात, आणि तो कंटाळा इथे विजेची बचत करतो. फ्रिजच्या आतल्या १ ते ७ आकड्यांच्या बटणाचा मात्र कुणी वाली झालेला दिसत नाही. बहुतेक फ्रिजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, पण बरीच घरं तो आकडा तापमानासारखा वाचतात आणि थंडी वाढवायला तो कमी करतात. आकड्यांशेजारी 'जास्त थंड' एवढे दोन शब्द लिहिले की काम भागतं. हे सगळीकडे अजून का होत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

स्पर्शाकडे आमच्या क्षेत्राचं गेल्या काही वर्षांत फार दुर्लक्ष झालं. गुळगुळीत काचेचं टच पॅनेल शोरूममध्ये सुंदर दिसतं, पुसायला सोपं पडतं, साच्याचा खर्चही वाचवतं. पण कणीक मळलेल्या हातांनी इंडक्शन कमी करून बघा. पाण्याचा थेंब पडला तरी काही पॅनेलं गोंधळतात. मिक्सरचं मोठं गोल बटण मात्र स्वयंपाक करणारी माणसं मनगटाने, बोटाच्या पाठीने, न बघता फिरवतात. कारमध्येही तेच झालं. बरीच बटणं पडद्यावर गेली आणि काही गाड्यांत काच पुसायचा वायपर लावायलाही रस्त्यावरची नजर काढावी लागू लागली. गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासूनच्या कसोट्यांत इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल या पाच गोष्टींना स्वतंत्र, हाताला लागणारी बटणं किंवा दांडे असण्याला महत्त्व दिलं. चॅपॅनिसच्या रबरी चाकाची ही दुसरी फेरी आहे.

आणि कानाबद्दल एक ताजं उदाहरण. भाजीवाल्याकडे यूपीआयने पैसे दिले की त्याने पूर्वी ओले हात पुसून फोन बघायचा, मेसेज आलाय का ते शोधायचं, तोवर पुढचं गिऱ्हाईक ताटकळायचं. पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स आला आणि हात तराजूवरच राहिले. त्यात आणखी एक गोष्ट झाली: तो आवाज गिऱ्हाईकही ऐकतं. पैसे पोचल्याची खात्री दोघांना एकाच क्षणी मिळते, त्यामुळे 'आले नाहीत', 'मी तर पाठवले' हा वाद उद्भवण्याआधीच मिटतो.

आता तुमच्या प्रश्नातल्या जाहिरातीच्या भागाकडे येतो, कारण मानसशास्त्राचा गैरवापर होतो हे खरंच आहे. सीमारेषा कुठे आहे? कपडे धुण्याच्या पावडरीचा फेस घ्या. मळ काढण्यात फेसाचा वाटा फारसा नाही, पण फेस आला नाही तर हाताने धुणाऱ्याला कपडे धुतले गेल्यासारखं वाटत नाही. म्हणून फेस राखला जातो. पावडर पुरेशी पडली की नाही याचा तो थोडाफार अंदाजही देतो, त्यामुळे मला त्यात फसवणूक दिसत नाही. समोरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये तोच फेस अडचण करतो, तिथे कमी फेसाची पावडर लागते. लोकांची समजूत नव्या यंत्राबरोबर हळूहळू बदलते. पण तिकीट काढताना विम्याची खूण आधीच करून ठेवणं, शेवटच्या पानावर न सांगितलेलं शुल्क जोडणं, 'फक्त दोनच उरलेत' असं खोटं दाखवणं, सदस्यत्व घ्यायला एक बटण आणि रद्द करायला भूलभुलैया, यातही मानसशास्त्रच वापरलेलं असतं: तोच कंटाळा, तीच घाई, तेच अपुरं लक्ष. एसीच्या २४ अंशांत आणि विम्याच्या खुणेत तत्त्व एकच, हेतू विरुद्ध. वापरणाऱ्याला नंतर सगळं समजावून सांगितलं तर तो 'बरं झालं' म्हणेल की चिडेल, ही कसोटी मी लावतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या पद्धतींची यादी करून त्यांच्यावर बंदी घातली. डिझाइनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाने ती यादी वाचावी, कारण उद्या अशी पानं बनवायला सांगणारं कुणीतरी तुमच्याही समोर बसलेलं असेल, आणि नाही म्हणायला तुमच्याकडे कारण हवं.

हे सगळं शिकायचं कसं? वाचन लागतंच, पण त्याहून जास्त लागतं ते बघणं. लोकांना विचारून फारसं हाती लागत नाही. 'शेगडी कशी वाटते?' असं विचारलं तर 'चांगली आहे' हेच उत्तर येतं, आणि त्याच शेगडीवर ती व्यक्ती चुकीचं बटण फिरवून मग दुसरं फिरवते, तिच्या लक्षातही येत नाही. लक्षात आलंच तर 'माझंच चुकलं' म्हणते. आमच्या चाचण्यांत हे वाक्य जिथे ऐकू येतं तिथे आम्ही खूण करतो, कारण डिझाइनमधली गडबड बहुधा तिथेच सापडते. चाचणी घेताना माणसाला एकाच कामात गुंतवून ठेवू नका. भाजी चिरायला द्या, मधेच प्रश्न विचारा, फोन वाजवा. शांत खोलीत निर्दोष ठरलेली वस्तू खऱ्या स्वयंपाकघरात वेगळीच वागते.

पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असेल तर आयआयटी मुंबईचं आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन (पूर्वीचं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर) १९६९ पासून पवईत आहे, आणि अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन १९६१ पासून. आयआयटींच्या एम.डेस.साठी सीड ही प्रवेश परीक्षा असते आणि इंजिनिअरिंगची मुलं ती मोठ्या संख्येने देतात. मेकॅनिकलची पार्श्वभूमी तिथे फार उपयोगी पडते, कारण साचा, व्हॉल्व्ह आणि खर्च कळणारा माणूस आपली कल्पना प्रत्यक्षात उतरवू शकतो.

परीक्षेच्या आधी एक प्रयोग घरी करून बघा. दिवाणखान्यातला विजेचा बोर्ड घ्या, सहा-आठ बटणं एका ओळीत असतील तो. खोलीचा नकाशा काढून त्यावर दिवे आणि पंखे दाखवा, आणि कुठलं बटण कशाचं हे लिहा. मग जी माणसं त्या घरात राहत नाहीत अशा पाहुण्यांना गप्पांच्या ओघात 'जरा पंखा लावता का?' किंवा 'खिडकीजवळचा दिवा लावता का?' असं सांगा, आणि पहिल्यांदा कुठलं बटण दाबलं जातं याची नोंद ठेवा. पुरेशा नोंदी जमल्या की बटणांचा क्रम खोलीतल्या जागांप्रमाणे लावा: डावीकडचा दिवा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे, पंख्याचं बटण रेग्युलेटरला लागून आणि बाकीच्यांपासून जरा दूर. तारांची अदलाबदल इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. दुसऱ्या फेरीला नवे पाहुणे निवडा, कारण जुन्यांना पहिला क्रम पाठ झालेला असेल आणि आता ते तुमच्या बोर्डामुळे नाही, आपल्या आठवणीमुळे चुकतील.